रहिवासी दाखला

सातेरी घाड्यांच्या शिवारात बोअर मारली,
चारशे वीस फुटांवर पाणी लागलं बोटभर,
बुडबुडेच जास्त.
केसिंगला कान लावला की
खाली कुणी भात रटरटत ठेवल्यासारखा आवाज.

पोरानं काडी ओढली. निळी ज्योत, वीतभर.
हलशीपर्यंत बातमी गेली.
मालव्वानं मला विचारलं,
किती दिवस शिजंल ह्याच्यावर?

मी बेळगावहून दोन बस बदलून
तांब्याची नळी घेऊन आलेलो.
एका टोकानं वायू आत,
दुसऱ्या टोकानं नळीतली शहराची हवा बाहेर.
मग दोन्हीकडून पान्यानं आवळायचं,
तांबं तांब्याला चिकटेपर्यंत.

जळणारं मला नको होतं, मालव्वा.
त्याच्यासोबत वर येतं आणि जळत नाही
ते मोजायचंय. हेलियम, निऑन, आरगॉन.
ही मंडळी कुणाच्या अध्यातमध्यात नसतात,
ऑक्सिजनशी सोयरीक नाही, कार्बनशी भाऊबंदकी नाही,
म्हणून साक्षीला बरी.
‘आमच्या मष्णूभावजीसारखी की,’ ती म्हणाली,
‘लगीन न्हाई, भांडण न्हाई.’

चिठ्ठीवर गावाचं नाव घालायचं होतं.
वेशीवरच्या पाटीला दोनदा डांबर फासलेलं.
कुठल्या लिपीत लिहू?
अक्षांश लिहिला, रेखांश लिहिला.
आकड्यांवरून अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

अडीच महिन्यांनी रिपोर्ट.
चार वजनाचं हेलियम भरपूर,
तीन वजनाचं जवळपास नाहीच.
तीनवालं पृथ्वी जमली तेव्हाचं, फार खोलून येतं.
चारवालं इथंच जन्मतं,
खडकातलं युरेनियम, थोरियम
कणाकणानं मोडत जातं तेव्हा.
आरगॉन चाळीस, तेही पोटॅशियम झिजून झालेलं.
काळ्या कातळाखाली जो जुना ग्रॅनाइट आहे
त्याची ही लेकरं.
शेवटच्या ओळीत एकच शब्द: स्थानिक.

तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसलो.
थोरलीच्या रहिवासी दाखल्यासाठी
तहसीलची चौथी खेप झाली होती.
फॉर्म कन्नडात, आजोबांचा उतारा मोडीत,
खिडकीतून साहेब म्हणाले, ‘सोमवार बर्री.’

नळी फोडली तेव्हा चिमूटभर मोजलं,
उरलेलं सुटलं.
एवढं हलकं, की पृथ्वीलाही धरवत नाही.

मालव्वाला सांगायचं राहिलंय.
ज्योत आठवड्यातच विझली म्हणे.
बारकी पोरं वाकून बघतात म्हणून
तिनं केसिंगवर पाटा पालथा घातलाय.