तिसरी तार

उणे अठरा. गॅरेजच्या खिडकीला आतून बर्फ.
कन्व्हर्टर आधी नुसता घुमला,
झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा,
मग लागला एकदाचा फिरायला.
लेथचं हिरवं बटन दाबलं :
खट्, खर्रर्र, खट्.
गप्प.

समोरचा डेल्मर ह्रुस्का म्हणाला,
“आर्डिस, भंगारात काढ ते धूड.
आता वहीएवढा डबा मिळतो, सगळं तोच करतो.”
त्याच्या बुटांखाली पाण्याचं तळं झालं
तोवर बोलत होता.

घरात दोनच तारा येतात.
कारखाना बंद पडला तेव्हा लिलावातून
तू लेथ उचलून आणलास, तो मागायचा तीन.
वीज कंपनीने तिसरीचा आकडा सांगितला
त्यात आपलं स्वयंपाकघर दोनदा झालं असतं.
मग तू एक जुनी मोटर फिरत ठेवलीस,
काही कापायचं नाही, काही उचलायचं नाही,
नुसतं फिरायचं,
आणि तिच्या पोटातून तिसरी काढलीस.
दोन सख्ख्या, एक मानलेली.

एक हात खिशात. हा तुझा नियम.
मेन स्विच पाडून, दुसऱ्या हातानं
कपॅसिटर एकेक करून रिकामे केले.
एकाचं टोपण फुगलेलं,
पन्नासाचा एकतीस भरला.
नवा मागवला. ट्रक ला क्रॉसच्या पुढे
चार दिवस बर्फात अडकला.
बसवला.
खट्, खर्रर्र, खट्.

मग आकडे घेतले, झाकणाच्या आत पेन्सिलीनं,
तुझ्या कमरेत रेघ मारलेल्या सातांशेजारी :
पहिली-दुसरी दोनशे एक्केचाळीस,
दुसरी-तिसरी दोनशे छत्तीस,
पहिली-तिसरी दोनशे एकोणतीस,
आणि लेथ उठताना, डोळ्याचं पातं लवेतो,
एकशे सत्तर.
ते पकडायला अकरा वेळा बटन दाबलं.

एकशे सत्तरवर कोण धरून राहील?
तपकिरी वायरमागे बोट नेत गेले :
कॉन्टॅक्टरची कॉइल.
तू ती तिसरीवर बांधलेली.
मानलेलीच्या कमरेला घराच्या किल्ल्या.

बावीस वर्षं चाललं,
कारण तुझ्या वेळी इथं शेगडी पेटलेली असायची,
गिअरबॉक्समधलं तेल पातळ असायचं.
शेगडी मी बंद केली. गेल्या मार्चमध्ये.

तरी चूक तुझीच, व्हेर्लिन.
मोठ्यानं म्हणाले,
शटरला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
किती दिवसांनी
तुझ्याशी भांडायला काही हाताला लागलं,
एका स्क्रूएवढं.

तपकिरी तिसरीवरून सोडवली,
दुसरीवर घट्ट केली. पाव वळसा जास्तच.
खट्.
चक फिरू लागला, आधी कुरकुरत,
मग जबड्यांच्या कडा दिसेनाशा झाल्या.

झाकणात तारीख टाकली.
चूक कुणाची, ते लिहिलं नाही.
डावा हात अजून खिशातच होता,
तुझ्या कोटाच्या,
पेपरमिंटच्या एका जुन्या गोळीला चिकटून.