पहाटे चारचं पाणी

ढगाळ रात्र असली की मी झोपत नाही.
पाण्यातला श्वास संपत येतो अशा वेळी.
रोहू, कटला वर येतात तोंडं वासून,
चपचप, चपचप,
बिनदाताची म्हातारी जेवतेय जशी.
बोडीच्या पाळीवर पडल्या पडल्या ऐकू येतं.

एरेटरचा भाव विचारून आले होते कुहीला.
नुसता विचारून.
माझ्याकडे जर्मनचा गंज आहे.
कमरेएवढ्या पाण्यात उतरते,
भरते, डोक्याच्या वरून ओतते,
भरते, ओतते.
दोनशेनंतर मोजणं सोडते.
सासू पाळीवरून ओरडते,
"तुले आज चालत नाही ना वं पाण्यात!"
मासे तारीख विचारत नाहीत, आत्याबाई.

ठेका सोसायटीचा.
सोसायटीत नाव देवचंद नान्हे,
जो तीन वर्षांपासून बुटीबोरीत
कंपनीच्या गेटावर बसतो
आणि फोनवर विचारतो, बोटुकली किती टाकली?

बीजवाल्यानं पाच हजार सांगितली.
मी वाटी वाटी मोजून सोडली, चार हजार दोनशे.
"बाई, तुमचंच चुकलं असंन."
चुकलं असेल.
आठशे वेळा?

नागपूरला प्रशिक्षण होतं, तेलंगखेडीकडे.
दोन बस बदलून पोचले.
रजिस्टरवाला पोरगा म्हणाला, "मालक नाही आले?"
म्हटलं, मालक पाण्यात आहेत.
त्याचा चेहरा पडला.
उठून खुर्ची दिली त्यानं मला, पंख्याखालची,
पोह्यांची प्लेट आणली, वर तर्री जास्तीची.
मी खाल्ले पोहे.
खुलासा केला नाही.

मंगळवारी बाजारातला काटा मात्र
कुणाच्या दुःखानं हलत नाही.
दलालाचं बोट हलवतं त्याला.
मी बोटाकडे बघत राहिले
तर म्हणाला, "विश्वास नाही का?"
आणि किलोमागं पाच रुपये पाडले, विश्वासाचे.

आज पाचच्या सुमारास चपचप थांबली.
अकरा मेले. बाकीचे खाली गेले.
एक मोठा कटला जाताना
मांडीला घासून गेला, खडबडीत,
ओळखीचं माणूस गर्दीत धक्का देतं तसा.

घरी कणीक मळायला हात उठेनात.
पुस्तकलाला म्हटलं, आज तू मळ.
मळता मळता पोरगी म्हणाली,
"बाबाले फोन लावू का?"
"काऊन? तिथून गंज भरन का तो?"

ती हसली. मी नाही.
गंज पाळीवरच उपडा ठेवून आले होते.
आभाळ अजून उघडलं नव्हतं.