पाच नंबरची जाळी

बालेवाडीत, अकराव्या मजल्यावर,
शिडीच्या सातव्या पायरीवर उभा आहे मी.
कमरेखालचा मी टिळेकरांच्या हॉलमध्ये,
मोजे घालून, कारण बूट बाहेर काढायला सांगितलेत.
कमरेवरचा अंधारात.

लोकांना वाटतं, डक्टमध्ये माणूस शिरतो.
नाही शिरत.
हात जातो खांद्यापर्यंत, ब्रशची दांडी जाते.
आणि कान.

माझं गाव हर्णै. तिकडं वर्षभर हेच केलं,
समुद्राकाठच्या बंगल्यांत.
खारं वारं दोन वर्षांत कॉइल खातं तिथं,
तांब्याला हिरवं फुटतं,
स्क्रूची डोकी बोटांत भुगा होऊन येतात.
पुण्यात पत्रा टिकतो.
छाती धरते ती माणसांची.
इथली धूळ मला आता रंगावरून कळते :
राखाडी ती बांधकामाची,
तांबूस ती टेकडी फोडल्याची,
आणि पिवळट, हलकी, नाकात जाऊन बसणारी
ती गाजर गवताची.

तीन नंबरच्या वळणावर सापडलं
एक कबुतराचं पीस, सुतारी पेन्सिल,
आणि गुटख्याची पुडी, बिल्डरच्या काळातली.
नऊ वर्षं हे घर
त्या पुडीवरून आलेली हवा घेत होतं.
मॅडमना दाखवली नाही.
बिभीषण खालून व्हॅक्यूमची नळी धरून म्हणाला,
"दाखवा की, बिल वाढंल."

पाच नंबरला दांडी घातली
तर पलीकडून कुणी खोकलं.
मग आवाज आला, जवळ, अगदी कानाशी :
"पत्रा किती गेजचा रे?"

मी म्हटलं, "चोवीस."
"वाटलंच. पातळ आहे, बोलतो."
मग खोकला. मग,
"दापोडीला एसटीच्या वर्कशॉपात होतो. एकतीस वर्षं.
शिवण कुठं सुटलीय तिथं बोट लाव,
दोन नंबरच्या अलीकडं. रात्री शिट्टी वाजते."
लावलं. सुटली होती.
पलंगावर पडून पडून
म्हाताऱ्यानं अख्ख्या डक्टचा नकाशा पाठ केला होता.

"सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजतो मी," आवाज म्हणाला.
"नातीचं गणित ऐकतो. सातचा पाढा चुकतो तिचा.
परवा सून फोनवर रडत होती, तेही.
मला कोण येऊन सांगतंय?
तू धूळ काढ. बाकी राहू दे."

कामाच्या कागदावर शेवटची ओळ
मॅडमच्या अक्षरात :
पाच नंबरच्या फाट्याला आतून फोम.
दोष त्यांचाही नव्हता.
साडेपाचला कंपनीची बस, आणि रात्रभर
तो खोकला डोक्याशी पत्र्यातून ठणकतो.
डोळ्यांखाली काळं होतं त्यांच्या.
चहा देताना कपाला बशी दिली, बिभीषणलासुद्धा.

मी शिडीवर किती वेळ उभा होतो कोण जाणे.
पोटऱ्या भरून आल्या.
फिल्टर धुऊन बसवले, कॉइलला ब्रश मारला,
दोन नंबरची शिवण टेपनं बंद केली.

"पाचचा फोम?" बिभीषणनं विचारलं.
"गाडीत राहिला."
"मी आणलाय की वर. ह्यो बघा."
मी त्याच्याकडं बघितलं.
तो फोमच्या गुंडाळीकडं बघत बसला,
मग कचऱ्याच्या पिशवीत धुळीखाली दाबली त्यानं.
बिलातनं ओळ मीच खोडली. साडेआठशे रुपये.
मॅडमना सांगितलं, फाटा अरुंद आहे, फोम बसत नाही.
त्यांनी मान हलवली,
आणि झोप नसलेल्या माणसासारखं
परत विचारलं, "नक्की?"

त्या "नक्की"ला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मशीन चालू केलं.
अठरा जाळ्यांतून एकदम हवा आली, स्वच्छ,
कशाचाच वास नसलेली.
झडप लावायच्या आधी
सवयीनं कान आत घातला.

दूर कुठंतरी पोरगी म्हणत होती,
साता सक्कं चव्वेचाळीस.
आणि पाच नंबरवरून, हळू,
तिला ऐकू जाणार नाही इतकं हळू,
"बेचाळीस."