मोकळी बाजू

बुटाच्या खोक्यातून कापलेले पुठ्ठ्याचे दोन काटकोन,
कडा बोटांच्या तेलाने काळ्या, गुळगुळीत.
बार्धिल ते फोटोवर ठेवतो,
एक वरून, एक खालून,
आणि सरकवत राहतो, जवळ, लांब, पुन्हा जवळ,
थंडीत खिडकी लावून घ्यावी
पण चूल धुमसतेय म्हणून फट ठेवावी, तसा.

"पाणी जिकडे निघालंय तिकडे जागा सोड."
चार वर्षं हेच ऐकतेय.
"मागे नाही सोडलीस तरी चालेल.
नदीला मागचं लागत नाही."

व्योसा मात्र पर्मेतच्या पुलापुढे
एका वाटेने जाईल तर शपथ.
उन्हाळ्यात गोट्यांच्या पात्रात विस्कटते,
पाच वेण्या, सात वेण्या,
कुठली धरायची, कुठली सोडायची?
शटर अर्ध्या सेकंदावर ठेवलं की तिचं दूध होतं,
पाचशेव्या हिश्श्यावर ठेवलं की काच.
"आणि पाणी?" मी एकदा विचारलं.
"पाणी हवं तर बादली घेऊन जा."

नगरपालिकेचं कॅलेंडर. बारा महिने, बारा चित्रं,
नदी एकच.
मी संगणकावर कापत बसते.
विजेची तार काढ. प्लास्टिकची खुर्ची काढ.
ऑक्टोबरमधून एक बकरी काढली,
शेपूट राहिलं,
ते दगड म्हणून खपलं.

मंगळवारी प्रानवेरा आली.
साठीकडे झुकलेली, ओला कोट, तिरानाहून पहाटेची बस.
तिच्यापुढे कच्च्या अक्रोडाचा मुरंबा ठेवला,
तिने चमच्याला हात लावला नाही.
पर्समधून पोस्टकार्ड काढलं, त्या काळातलं:
व्योसा, मोठा खडक, निम्मं आकाश.
सुरेख फ्रेम. डावीकडे मोकळी जागा, नियमाप्रमाणे.
"इथे माझे वडील होते,"
असं म्हणून तिने बोट ठेवलं
पोस्टकार्डच्या बाहेर,
टेबलाच्या लाकडावर.

बार्धिल माळ्यावरून बिस्किटांचा डबा घेऊन आला.
तो डबा मी कधी पाहिला नव्हता.
पट्टी उजेडासमोर धरून त्याने न बोलता माझ्याकडे दिली.
स्कॅनरचा दिवा सावकाश सरकत गेला, आणि
पडद्यावर आला एक माणूस.
अगदी कडेला. रबरी बूट, डाव्या हातात
पाण्याची पातळी मोजायची पट्ट्यापट्ट्यांची काठी.
सगळी नदी त्याच्यावरच चालून येतेय,
आणि हा हसतोय.

"त्याला डोंगरापलीकडे धाडलं त्या वर्षी,"
बार्धिल पुठ्ठ्यांकडे बघत म्हणाला.
"मग ऑफिसातून एक जण आला. माणूस नको, म्हणाला.
मी हेच पुठ्ठे ठेवले."
आणि बऱ्याच वेळाने:
"खरं सांगू? फोटो सुधारला त्याने.
तेच खुपतं."

प्रानवेरा पडद्याच्या इतकी जवळ
की तिच्या श्वासाने काच धुरकटली.
वडिलांचा उजवा हात मनगटाशी तुटलेला,
फ्रेम तिथेच संपते.
"या हाताला मी होते," ती म्हणाली. "सहा वर्षांची.
जरा इकडे सरकवा ना."

मी सरकवलं.
काळी कड. चौकोनी भोकं.
भोकांखाली एक आकडा, सतरा.
अजून थोडं सरकवलं, उगाच,
तिला दिसावं की सरकवतेय.

मग तिने काठी मोठी करायला सांगितली.
मी मोठी केली, पट्ट्या फुटेपर्यंत,
मग किंचित लहान.
पाणी एका खुणेशी टेकलं होतं.
"किती?"
"एक मीटर बारा," मी वाचलं.
तिने चष्मा पुसून स्वतः पुन्हा वाचलं,
आणि पोस्टकार्डच्या मागे, पत्त्याच्या जागेवर,
लिहून घेतलं.