मूठ सोडा

पहाटे पाच पन्नास. लोकमान्य नगरात रस्त्यावरचे दिवे अजून चालू.
स्कूटीच्या पुढ्यात बर्फाचा डबा,
डब्यात नळ्या, लाल टोपणाच्या, जांभळ्या, करड्या.
कचरागाडीचं गाणं सुरू व्हायच्या आत पहिलं घर गाठायचं,
एवढाच माझा मुहूर्त.

मी जाते ती सगळी घरं उपाशी असतात.
बारा तास पोटात काही नाही, नुसतं पाणी.
ज्यांच्यानं कधी साधी चतुर्थी निभली नाही
तेही कागदावर छापलंय म्हणून निमूट पाळतात.
मल्हारगंजचे नेमाजी विचारतात, पान चालेल?
नाही.
लवंग?
नाही.
"तुम्ही तर आमच्या महाराजसाबांहून कडक,"
म्हणतात, आणि बाही वर सारतात.

मग हात पुढे येतो,
तळवा वर, तीर्थाला येतो तसा.
मी पट्टा आवळते. मूठ वळा, म्हणते.
माणूस मूठ वळतो आणि भलतीकडे बघतो,
कॅलेंडरकडे, फ्रिजकडे, बंद टीव्हीकडे.
त्या अर्ध्या मिनिटात कुणी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही.
विजय नगरात चौदाव्या मजल्यावर एका बिल्डरनं
हळूच विचारलं होतं, दुखेल का?
त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याची झोप मोजत होतं,
श्वास मोजत होतं, पावलं मोजत होतं.
हात कुणी धरला नव्हता बरेच दिवस,
हे घड्याळाला कुठून कळणार.

आमच्या घरी देव्हारा आई गेल्यापासून तसाच.
गुरुवारी पुसते. मागत काही नाही,
एकदा मागायला लागले की थांबायची नाही, ही भीती.
हे मोबाईलवर प्रवचन लावून दाढी करतात,
आत्मा सापडेपर्यंत गालावर फेस वाळतो.

यमूताई लघाटे, वय एक्क्याण्णव.
हाताची कातडी धुऊन धुऊन विरलेल्या पातळासारखी.
उजवी मूठ मी सांगायच्या आधीच वळलेली,
वाटलं, संधिवात असेल.
डावा हात पाहिला. गरम पाण्याची पिशवी ठेवली.
दोनदा टोचलं, दोन्ही वेळा सुई कोरडी.
वीस वर्षं हेच करतेय, तरी तळव्यांना घाम फुटला.
सून दारात, घड्याळाकडे बघत.
यमूताईच म्हणाल्या,
"अगं, डोळ्यांनी कशाला शोधतेस?
ती आहे ना. रात्रभर वाहतच होती की.
तू बस जरा."

बसले. कामाच्या वेळेत, दुसऱ्याच्या घरात.
बाहेर गाडी आली, गाणं आलं,
सून ओला-सुका घेऊन धावली.
मी उजवा हात मांडीवर घेतला,
डोळे मिटून बोट ठेवलं कोपराच्या खळग्यात.
आधी माझंच धडधडणं ऐकू आलं, बराच वेळ तेच.
मग त्याच्या खाली काहीतरी.
मऊ. दाबलं तर दबणारं,
सोडलं की पुन्हा वर येणारं,
न रुसणारं.

सुई गेली. नळीत लाल चढत गेलं, गडद, शांत.
"मूठ सोडा," म्हणाले.
त्यांनी सोडली.
आत खडीसाखरेचा खडा, घामानं चिकटलेला.
"कधीची धरून बसलेय. घे.
तूही सकाळपासून उपाशीच असशील."

कापूस दाबला, पट्टी लावली.
नळीवर नाव लिहिलं, वय लिहिलं, सहा बेचाळीस.
'उपाशीपोटी?' या रकान्यात
त्यांच्यापुढे बरोबरची खूण केली.

जिन्यात मास्क खाली ओढून खडा गालात ठेवला.
पुढचं घर सुदामा नगर, फोन दोनदा वाजून गेला.
विरघळेपर्यंत उचलला नाही.
इंदुरात उजाडत होतं
आणि माझा उपास,
कुठल्या देवाचा होता कोण जाणे,
मोडला होता.