लागणी

कुबेर भवनाच्या खाली, झेरॉक्सवाल्याच्या शेजारी
माझं टेबल, एक प्रिंटर, दोन स्टुलं.
एकवीस वर्षं इथं दस्तावेज लिहिते.
लोकांच्या भिंती गुजरातीत मोजते,
आकडेमोड मनात, मराठीत.

मंगळवारी दोघी आल्या.
कुमुद दिघे, वय त्रेसष्ट,
आणि उज्ज्वला अमीन, माहेरची दिघे, वय अठ्ठावन्न.
कारेलीबागेत दुसरा मजला, दोन खोल्या, अर्धी बाल्कनी,
आईमागे दोघींच्या नावावर आलेला.
धाकटी आपला हिस्सा थोरलीला देत होती.
बक्षीसपत्र.
बक्षीस म्हणताना कुणी हसलं नाही.

"हिला विचारा, पॅनकार्ड आणलंय का."
"हिला सांगा, आणलंय."
स्टुलाला स्टूल लागलेलं,
आणि निरोप माझ्या टेबलावरून फिरून जात होते.

मोबदल्याच्या रकान्यात पैसे नसले
तरी कायद्याला रिकामी जागा चालत नाही.
तिथं मी नेहमीची ओळ टाकते:
कुदरती प्रेम अने लागणी.
थोरलीनं चष्मा कपाळावर ढकलला.
"हे काढा. लागण आपल्यात उसाची होते,
नाहीतर तापाची."
म्हटलं, ताई, हे काढलं तर ती विक्री होईल.
मग किंमत लिहा, चेक नंबर लिहा,
हिनं नफ्यावर कर भरा.
चष्मा खाली आला.
ओळ राहिली.

मग मी जंत्री उघडली.
धाकटी सावरून बसली, जणू तिच्याच चुकांची निघणार:
दवाखान्यात न आलेल्या रात्री,
तेराव्याला लवकर उठून जाणं.
नाही हो, ही सरकारी.
चौरस मीटरला किती, बांधकाम किती जुनं, घट किती धरायची.
मायेनं दिलं तरी मुद्रांक याच दरानं.
सरकार माया मानतं,
फुकट मानत नाही एवढंच.

थोरलीनं लिल्या चिवड्याचा डबा उघडला.
आत वेऱ्याच्या पावत्या, सालवार, रबरबँडात,
आई गेल्यापासूनच्या अकरा.
वेरा लवकर भरला तर सूट, थकला तर व्याज.
वैराला नुसतं व्याज.
काना-मात्रेचा तर फरक.

मोजल्या. दहाच.
"एका वर्षी बिलच आलं नाही," थोरली म्हणाली,
"कॉर्पोरेशन विसरली असेल."
कॉर्पोरेशन विसरत नाही.
आणि पुढच्या पावतीवर मागील बाकी शून्य होती.

धाकटीनं पर्समधून चार घड्यांचा कागद काढला,
माझ्याकडे बघतच टेबलावर ठेवला.
"हिला सांगा, तेव्हा हिची पेन्शन अडकली होती.
मला कळलं होतं."
मी काहीच सांगितलं नाही.
थोरलीनं कागद उलगडला, तारीख वाचली,
रबरबँड सोडून
सातव्या जागी घातला.

मग फीचा हिशेब.
घेणारी बाई आहे, म्हटलं, म्हणजे नोंदणी फी माफ.
शब्द फीबद्दलच होता,
पण दोघींनी एकदम वर बघितलं.

वर थोरलीचा अंगठा मशीन घेईना.
तीस वर्षांच्या खडूनं रेघा पुसलेल्या.
एकदा, दोनदा, साहेब घड्याळाकडे.
"थुंकी लाव गं," धाकटी म्हणाली.
थेट तिलाच.

खाली आल्यावर सांगितलं, एवढ्यानं संपत नाही,
वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या,
वेऱ्याच्या बिलावरचं एक नाव कमी करून घ्या.
ते आपोआप जात नाही.
"राहू दे की," थोरली म्हणाली, "एक वर्ष."

आणि माझी फी कुणी द्यायची
यावर दोघी पार स्कूटर स्टँडपर्यंत भांडत गेल्या,
मोठ्यानं, मराठीत,
मध्ये मी नसताना.
पैसे दोघींनीही दिले नव्हते.
अर्ध्या तासानं झेरॉक्सवाल्याच्या फोनवर आले,
दोनदा.