लाभापासून मोजणी

सेलूच्या मोंढ्यात, आडतीच्या वरच्या मजल्यावर
आमचा क्लास. सात कॉम्प्युटर, पाच चालू.
खालची सोयाबीनची धूळ जिना चढून येते
आणि कीबोर्डच्या फटींत बसते.

फळ्यावर मी लिहिलं : क = क + १
आणि दैवशाला उभी राहिली.
"सर, हे खोटंय.
क आणि क अधिक एक जर सारखेच,
तर सातवीत मला छड्या कशापायी बसल्या?"

नऊ वर्षं या ओळीपाशी आलो की
मी म्हणत आलो : तूर्त असंच धरून चाला.
काही धरून चालले.
काही जिना उतरून गेले ते गेलेच,
फीसुद्धा परत मागितली नाही.
मला वाटायचं, त्यांना झेपलं नाही.

मी नेहमीचा डबा काढला :
व्हेरिएबल म्हणजे डबा, वर नावाची चिठ्ठी.
"डब्यात साखर असताना पत्ती टाकली
तर साखर जाती कुठं?"
खरंच, कुठं जाते?

उकडत होतं म्हणून खिडकी उघडली.
खाली आडतीच्या दारात काळा फळा,
त्यावर 'सोयाबीन', पुढं खडूचा आकडा.
राजेभाऊ मुनीम ओल्या फडक्यानं
आकडा पुसत होते. नाव तसंच.
सकाळच्या भावात वीस घालून
त्यांनी नवा लिहिला.
जुना आता कुठंच नाही,
कुणी वहीत उतरवला नसेल तर.

मी फळ्यावर लिहिलं : भाव = भाव + २०
"ही खूण म्हणजे बरोबर नव्हे, ते फडकं.
आधी उजवीकडचा हिशेब,
मग पुसायचं, मग लिहायचं."
ती बराच वेळ खालीच बघत राहिली.
"मग तसं सांगायचं की."

दुसऱ्या दिवशी याद्या.
पहिल्या वस्तूचा क्रमांक शून्य,
एवढं बोलून मी रुमाल काढला.
पण वर्ग शांत. दैवशाला म्हणाली,
"माझे बाबा मापाडी. आता काटा आलाय,
पण पोती मोजताना पहिल्याला एक म्हणत नाहीत.
लाभ, दोन, तीन."
मागून तस्लीम : "आमचे अब्बा बरकत म्हणतात."

नेमकं तसं नाही, मी म्हणालो.
शून्य म्हणजे थप्पीच्या तोंडापासून
किती पोती ओलांडायची.
पहिल्यासाठी एकही नाही.
पण पहिल्याला एकच म्हणावं
असा कुठं कायदा नाही,
हे त्या दोघींना माझ्याआधी ठाऊक होतं.

रात्री जुन्या नोट्स काढल्या,
झेरॉक्सवरून झेरॉक्स होत पुसट झालेल्या.
'तूर्त असंच धरून चाला' : चौदा वेळा.
दोन खोडले. बाकीच्यांपाशी पेन्सिल घेऊन बसलो.
तीन ठिकाणी तर
मीच अजून धरून चाललो होतो.